इंजिनाचा तास आणि सूर्याचा दिवस

शिडाच्या नौकेवर सोलर पॅनेल बसविणे ही हौस असून बॅटऱ्या भरण्याचे खरे काम इंजिनाचेच आहे, पॅनेल शोभेला आणि इंजिन कामाला, असे एक मत नौकांच्या मालकांत, त्यांच्या कारागिरांत आणि दुरून समुद्राकडे पाहणाऱ्या शहाण्यासुरत्या माणसांतही इतके दृढमूल झाले आहे की, त्याला दाखला मागण्याची गरज कोणाला वाटेनाशी झाली आहे. गेल्या दिवाळीत माझा भाचा गोव्याहून आमच्या गावी, हट्ट्यास, आला होता. तो तेथे निरनिराळ्या मालकांच्या नौकांवर विजेच्या जोडणीची कामे घेतो आणि आपल्या कामात वाकबगार आहे. "मामा, पॅनेल आम्ही लावून देतो, पण मालकाला बजावून सांगतो की रोज तासभर इंजिन चालवा, नाहीतर बॅटरी बसेल," असे तो सहज बोलून गेला, आणि सारी हयात बॅटऱ्यांच्याच संगतीत गेलेली असल्यामुळे मला ते वाक्य ऐकवेना. कारण त्या नौकांच्या बॅटऱ्या बसतात त्या रोज तासभर इंजिन चालविल्यामुळेच.

या मताची कैफियत त्याच्या कैवाऱ्यांवर अन्याय होणार नाही अशा रीतीने प्रथम मांडतो. ते म्हणतात, इंजिनावरचा आल्टरनेटर साठ अँपिअर देतो आणि शंभर वॅटचे पॅनेल ऐन दुपारी पाच-सहा. दहापट बलवान साधन हाताशी असता दुबळ्याच्या मागे कोणी लागावे? ते म्हणतात, शिडाच्या नौकेवर डोलकाठी, तिचे ताण-दोर आणि खुद्द शीड यांची सावली सारा दिवस फिरत असते, आणि पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी सारे पॅनेल निकामी होते. पावसाळ्यात सूर्य दिसत नाही, खाऱ्या हवेने जोडण्या गंजतात, वादळात पॅनेल उडून जाते, हेही ते सांगतात. आणि शेवटी, ज्याच्यापुढे सर्वांनी मान तुकवावी अशा थाटात विचारतात की, बंदरात शिरावयास इंजिन लागतेच, ते नौकेवर असतेच, मग एकाच कामासाठी दुहेरी खर्च कशाला? या सर्वांच्या तळाशी आणखी एक आक्षेप असतो, जो तोंडावर बोलला जात नाही: समुद्रापासून शेकडो मैल आत, हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील एका गावात बसलेल्या माणसाने नौकेविषयी बोलावेच कशाला?

न बोललेल्या आक्षेपाचे उत्तर आधी देतो. शिडाच्या नौकेतून एकट्या भारतीयाने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना ज्यांनी उराशी धरली आणि तडीस नेली, ते व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यात, फलटणजवळच्या विंचुर्णीस राहत होते, आणि विंचुर्णीतून समुद्र दिसत नाही. त्यांचे उदाहरण मी स्वतःशी बरोबरी सांगण्यासाठी देत नाही. समुद्राचा विचार करावयास घर किनाऱ्यावर असावे लागत नाही, एवढेच त्यातून दाखवावयाचे आहे. शिवाय येथे प्रश्न समुद्राचा नसून बॅटरीचा आहे. शिशाच्या पत्र्यांना आणि तेजाबाला आपण वास्कोत आहोत की वसमतेत, हे कळत नाही. त्यांचा नियम दोन्हीकडे एकच. आणि तारेच्या विजेपासून तुटलेली, दिवसा भरावयाची व रात्री वापरावयाची बॅटरी कशी जगते आणि कशी मरते, हे पाहावयाचे असेल तर त्यासाठी हट्ट्याच्या शिवारासारखी दुसरी शाळा नाही.

आमच्याकडे हळद, सोयाबीन, हरभरा यांच्या शेतांभोवती रानडुकरे आणि रोही यांच्या भयाने झटका मशीन बसविलेले असते. बांधावर एक लहानशी पेटी, तिच्यात बारा व्होल्टची बॅटरी, वर बांबूला किंवा लोखंडी खांबाला बांधलेले हातभर पॅनेल, आणि शेताला वेढा घालणारी बारीक तार, एवढाच तिचा सरंजाम. रात्रभर ती पेटी टक्-टक् करीत तारेत क्षणिक झटके सोडते आणि उजाडल्यावर पॅनेल बॅटरीचे देणे फेडू लागते. ज्यांच्याकडे पॅनेल नाही किंवा फुटले आहे, ते शेतकरी बॅटरी मोटारसायकलच्या टाकीवर ठेवून माझ्या दुकानी आणतात, तीन-चार तास चार्जिंगला लावतात आणि दिवस कलण्यापूर्वी घेऊन जातात; रात्री पिकात डुकरे शिरतील या धास्तीने त्यांना पुरा वेळ थांबवत नाही आणि त्यांना दोष देण्याची माझी प्राज्ञा नाही. परंतु या दोन प्रकारच्या बॅटऱ्यांत आधी कोणती मरते? कागदावरच्या हिशेबाने पाहिले तर दुकानातला चार्जर बलवान आणि बांधावरचे पॅनेल क्षुद्र. तरीही बांधावर राहिलेली बॅटरी टिकते आणि दुकानाच्या वाऱ्या करणारी बॅटरी हंगाम-दोन हंगामांत प्लेटा टाकते. हे का होते, एवढे समजून घेतले की नौकेचा सारा मामला समजला.

फ्रान्समध्ये गास्ताँ प्लाँते याने १८५९ साली शिशाची भरता येणारी बॅटरी तयार केली. तिचे रसायन त्यानंतर मुळात बदललेले नाही. बॅटरी उतरते तेव्हा तिच्या दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर शिशाचे सल्फेट धरते आणि तेजाब पातळ होते. भरताना हे सल्फेट पुन्हा विरघळवून तेजाबात परत घालावयाचे असते. आता हे परत घालणे सुरुवातीला भराभर होते. अर्धी उतरलेली बॅटरी मोठा प्रवाह आनंदाने घेते, आणि आल्टरनेटरच्या कैवाऱ्यांनी पाहिलेले आहे ते एवढेच. पण चार-पंचमांश भरल्यानंतर ती प्रवाह नाकारू लागते. दाब १४.४ व्होल्टवर स्थिर ठेवला तरी प्रवाह उतरत जातो, वीस, दहा, पाच, दोन. आणि हा शेवटचा पाचवा हिस्सा भरावयास चार-पाच तास, जुन्या बॅटरीला त्याहूनही अधिक, लागतात. तेथे साठ अँपिअरचा आल्टरनेटर लावा की दोनशेचा, तास तेवढेच लागतात. काळ्या जमिनीत कालव्याचे पाणी भळाभळा सोडले तर ते वरून वाहून जाते आणि मुळापर्यंत ओल जावयास झिरपण्याची मुदत द्यावीच लागते, तसाच हा प्रकार आहे. बॅटरीची भूक अँपिअरांची थोडी आणि तासांची फार असते.

आता त्या रोजच्या तासाचे काय होते ते पाहा. दोनशे अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी उतरलेली आहे. इंजिन सुरू झाले. पहिल्या काही मिनिटांत प्रवाह जोरात गेला, मग उतरू लागला, आल्टरनेटर तापला तसा आणखी उतरला. तासाअखेर तीसएक अँपिअर-तास आत गेले आणि बॅटरी पासष्ट टक्क्यांच्या आसपास आली. मालकाने व्होल्टमीटर पाहिला, तो १४ दाखवीत होता, म्हणून समाधानाने इंजिन बंद केले. हा आकडा त्या क्षणी आल्टरनेटरचा दाब दाखवितो, बॅटरीची शिल्लक दाखवीत नाही, ही गोष्ट त्याला कोणी सांगितलेलीच नसते. बॅटरीचे झाकण उघडून हायड्रोमीटर बुडविला असता तर तेजाब भरलेल्या बॅटरीच्या बाराशे चाळीसवर नसून बाराशेच्या घरातच आहे, हे त्याला दिसले असते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशी तेच. जे सल्फेट विरघळावयाचे राहिले ते महिन्यागणिक कठीण होत जाते, त्याचे मोठे स्फटिक बनतात, आणि मग ते कोणत्याच चार्जिंगला दाद देत नाही. दोनशेची बॅटरी दीडशेची होते, दीडशेची शंभराची. शेवटी मालक म्हणतो, बॅटरी खराब निघाली. बॅटरी खराब निघाली नाही. ती उपाशी ठेवून मारली गेली, आणि मारणाऱ्याला वाटत राहिले की आपण तिला रोज जेवू घालीत आहोत.

येथे पॅनेलचा तथाकथित दुबळेपणा म्हणजे नेमके काय, हे उलगडते. सकाळी आठ-साडेआठपासून संध्याकाळी पाचपर्यंत, कोणी कळ न दाबता, मंद पण अखंड असा प्रवाह देणारे साधन बॅटरीला जो शेवटचा पाचवा हिस्सा हवा असतो तोच भरण्यासाठी घडविल्यासारखे आहे. जेव्हा बॅटरी पाच अँपिअरच घेणार आहे तेव्हा साठ देणारे यंत्र तिच्यापाशी तासन् तास धडधडत ठेवणे यात बळ कोठे आले? आणि पाच देणारे पॅनेल त्या वेळी दुबळे कसे ठरले? १७ मार्च १९५८ रोजी अमेरिकेने आकाशात सोडलेल्या व्हॅनगार्ड १ या चिमुकल्या उपग्रहावर दोन प्रक्षेपक होते, एक साध्या बॅटरीवर चालणारा आणि दुसरा सौरघटांवर. बॅटरीवरचा त्याच वर्षी जूनमध्ये मुका झाला आणि सौरघटांवरचा १९६४ पर्यंत बोलत राहिला. बेल प्रयोगशाळेने पहिला उपयुक्त सौरघट १९५४ मध्ये दाखविला होता, म्हणजे हे साधन तेव्हा चार वर्षांचे बालक होते. त्या बालकाने अवकाशात सहा वर्षे निभावून नेले, आणि आज त्याच्या सत्तरीनंतर त्याला शोभेची वस्तू म्हणावयाचे?

जमाखर्चच मांडावयाचा तर तोही मांडू. आपल्या अक्षांशावर, निरभ्र दिवशी, उष्णतेचा व जोडण्यांचा तोटा वजा जाता, शंभर वॅटचे पॅनेल बारा व्होल्टच्या बॅटरीत २५ ते ३० अँपिअर-तास घालते. चारशे वॅट पॅनेलला सुमारे दोन चौरस मीटर जागा लागते. तीस-बत्तीस फुटी नौकेच्या मागच्या अंगास, सुकाणूच्या वर, लोखंडी कमान उभारली तर तेवढी जागा सहज निघते. रोजची जमा झाली शंभर ते एकशेवीस. खर्चाच्या बाजूस, नौका आपोआप दिशेवर ठेवणारे विद्युत्-सुकाणू सर्वांत खादाड, त्याच्या खालोखाल शीतपेटी, मग नकाशाचा पडदा, व्हीएचएफ रेडिओ, आणि रात्रीचे दिवे. पूर्वी डोलकाठीवरचा पंचवीस वॅटचा तारेचा दिवा रात्रभरात बॅटरीतून पंचवीसएक अँपिअर-तास ओढीत असे. आजचा एलईडी दिवा त्याच्या दशांशात भागतो. शीतपेटीवर थोडा ताबा ठेवला तर हा खर्च शंभराच्या आत-बाहेर राहतो. म्हणजे जमा आणि खर्च यांची तोंडमिळवणी होते, आणि ती डिझेलच्या एकाही थेंबाशिवाय. ज्यांनी हा हिशेब कधी कागदावर उतरविला नाही, त्यांनीच पॅनेल पुरत नाही असा हुकूमनामा काढलेला आहे.

सावलीच्या आक्षेपात तथ्याचा अंश आहे, आणि तो अंश नेमका किती आहे हे सांगणे माझे कर्तव्य समजतो. बारा व्होल्टच्या साध्या पॅनेलमध्ये छत्तीस घट माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. त्यांतील एकावर दाट सावली पडली तर त्याचे निम्मे पॅनेल वळसामार्गाने बाजूला पडते, आणि उरलेल्या निम्म्याचा दाब बॅटरीच्या दाबापेक्षा कमी असल्यामुळे ते असून नसल्यासारखे होते. आमच्या गल्लीतल्या एका घराच्या गच्चीवर हे मी स्वतः पाहिले: पाण्याच्या टाकीची सावली सकाळी नऊच्या सुमारास पॅनेलच्या खालच्या कोपऱ्यात शिरे, तळहाताएवढीच, आणि अँपिअरमीटरचा काटा जो आडवा होई तो टाकीची सावली सरकेपर्यंत उठत नसे. त्या घरच्या माणसांनीही "सोलरची प्लेट काही कामाची नाही" असाच निकाल दिला होता. मग पॅनेल चार हात सरकवून टाकीच्या दक्षिणेस नेले. पॅनेल तेच, बॅटरी तीच, सूर्यही तोच, आणि इन्व्हर्टर रात्रभर चालू लागला.

नौकेवर सावली एका जागी बसत नाही हे खरे. पण म्हणूनच ती तेथे अधिक सुसह्य आहे, कारण नौका वळते, लाटेवर डुलते आणि सावली हलते. एकच मोठे पॅनेल न घेता दोन किंवा चार लहान घ्यावीत, प्रत्येकाला स्वतंत्र कंट्रोलर द्यावा, म्हणजे एकावर सावली आली तरी दुसऱ्याचे काम थांबत नाही. किंवा दोन पॅनेले माळेत जोडून, त्यांचा जादा दाब बॅटरीजोगा उतरवून घेणारा एमपीपीटी कंट्रोलर लावावा, म्हणजे एकाचा निम्मा भाग गळाला तरी उरलेल्यांचा दाब बॅटरीपेक्षा वरच राहतो. डोलकाठीच्या पुढे, शिडाच्या खाली पॅनेल चिकटवून मग सावलीच्या नावाने बोटे मोडण्यात काय अर्थ आहे? मागच्या कमानीवर, बिजागरीने उजवी-डावीकडे कलते करता येईल असे, तळाशी वारा खेळेल इतकी फट ठेवून ते बसवावे. या फटीचे महत्त्व आम्हांला पत्र्याच्या घरांनी शिकविले आहे. पॅनेलवर छापलेला वॅटचा आकडा घटांचे तपमान २५ अंश असतानाचा असतो. मे महिन्यात पत्र्याला चिकटलेले पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापते आणि सुमारे सातवा हिस्सा वीज तेथेच गमावते. समुद्रावर मात्र वारा फुकट असतो. ज्या सूर्याने हट्ट्याच्या तापलेल्या पत्र्यावर इन्व्हर्टर चालवून दाखविला, तो मालवणच्या वाऱ्यावर हात आखडता घेईल असे मानावयास कोणता आधार आहे?

पावसाळ्याचा मुद्दा तर त्याच्या कैवाऱ्यांवरच उलटतो. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते, आणि हौशी लोकांच्या शिडाच्या नौकाही त्या सुमारास धक्क्याला किंवा किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली ठेवतात. शिडे उघडी होतात ती ऑक्टोबरपासून मेपर्यंत, म्हणजे ज्या महिन्यांत अरबी समुद्रावर ऊन धो-धो पडते त्याच महिन्यांत. ज्या काळात नौका चालतच नाही त्या काळातल्या ढगांची सबब चालणाऱ्या नौकेच्या पॅनेलवर लादावयाची, हा कोणता न्याय? उलट खरा धोका पावसाळ्याच्या त्या चार महिन्यांत बंद नौकेतल्या बॅटरीलाच असतो. शिशाची बॅटरी नुसती ठेवली तरी दरमहा आपली काही शिल्लक आपोआप गमावते, दमट उकाड्यात अधिकच. आणि नारळी पौर्णिमेनंतर मालक नौकेवर येतो तेव्हा ती बसलेली असते. तेथे इंजिन कोण चालविणार? ताडपत्रीखालून बाहेर काढलेले एखादे वीस वॅटचे पॅनेल, ढगाळ उजेडातही, बॅटरीला तेवढा आधार देत राहते. म्हणजे पॅनेल निरुपयोगी असल्याचा पुरावा म्हणून जो काळ पुढे केला जातो, त्याच काळात त्याच्याशिवाय दुसरा तरणोपाय नाही.

आता इंजिनाकडे वळू, कारण सारा विश्वास त्याच्यावर आहे. तीस अश्वशक्तीचे डिझेल इंजिन आल्टरनेटर फिरविण्यासाठी चालविले म्हणजे त्याच्याकडून जेमतेम दोन अश्वशक्तीचे काम घेतले जाते. असे भाराविना मंद चालणारे डिझेल इंजिन स्वतःच बिघडते: पुरेसे तापत नाही, काजळी धरते, सिलिंडरच्या भिंती काचेसारख्या गुळगुळीत होतात आणि तेल जाळू लागतात. ही गोष्ट प्रत्येक मिस्त्रीला ठाऊक असते, आमच्याकडच्या ट्रॅक्टरच्या मिस्त्रीलासुद्धा. मग बॅटरी वाचविण्यासाठी इंजिन मारणे, आणि तेही बॅटरी न वाचविता, हे शहाणपण कोठले? त्याहून मूळ प्रश्न वेगळाच आहे. आजच्या नौकेचे इंजिन बॅटरीशिवाय सुरू होत नाही. हाताने फिरवावयाचा दांडा बहुतेक इंजिनांवरून नाहीसा झाला आहे. ज्याचा पहिला श्वास बॅटरीच्या भांडवलावर चालतो त्याला बॅटरीचा तारणहार मानावयाचे? बॅटरी पुरती बसली त्या दिवशी इंजिनही मुके, रेडिओही मुका, दिवेही विझलेले. त्या दिवशी सकाळी सूर्य मात्र कोणाच्या परवानगीशिवाय उगवतो, आणि पॅनेल तासा-दोन तासांत निदान रेडिओपुरता प्राण बॅटरीत घालते.

रेडिओ मुका होणे म्हणजे काय असते, याचा दाखला मुंबईच्या एका नौकेनेच दिलेला आहे. कुलाब्यास सागवानी लाकडात बांधून १९६४ मध्ये पाण्यात उतरलेल्या सुहैली या नौकेतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी इंग्लंडच्या फालमथ बंदरातून निघाले आणि कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी तेथेच परतले. असे करणारे ते पहिले मनुष्य. परंतु नोव्हेंबरात न्यूझीलंडच्या किनाऱ्याजवळ त्यांची खबर मिळाली त्यानंतर एप्रिलच्या आरंभी अटलांटिकात एका तेलवाहू जहाजाने त्यांना पाहीपर्यंत, चार महिन्यांहून अधिक काळ, ते जिवंत आहेत की नाहीत हे जगाला ठाऊक नव्हते. त्या काळी सौरघट उपग्रहांवर मिरवीत होते आणि सामान्य खलाशाच्या खिशाला ते झेपणारे नव्हते; १९७७ मध्येसुद्धा एका वॅटला सुमारे ७६ डॉलर पडत. आज तोच वॅट डॉलरच्या एका अंशात मिळतो. ज्यांच्यापाशी ते साधन नव्हते त्यांनी त्याच्याशिवाय भागविले, हा त्यांचा पराक्रम. ज्यांच्यापाशी आहे त्यांनी ते न लावणे यात कोणता पराक्रम आहे?

उच्च अक्षांशांचा हवाला देणारे येथे मध्येच बोलतील. ते म्हणतील की, दिवाडी बेटावर बांधलेल्या म्हादेई नौकेतून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ज्या दक्षिण महासागरातून गेले, किंवा तारिणीतून दिलना के. आणि रूपा ए. या नौदलाच्या दोन अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघून केप हॉर्नला वळसा घालीत २९ मे २०२५ रोजी परतल्या, त्या समुद्रांवर आठवडेच्या आठवडे आभाळ उघडत नाही. हे मान्य आहे. तेथे पॅनेलच्या जोडीला वाऱ्यावर किंवा नौकेमागे ओढले जाऊन पाण्यावर फिरणारे जनित्र असावे. पण मुंबईहून रत्नागिरीस, गोव्याहून कारवारास किंवा फार तर लक्षद्वीपास जाणाऱ्या मालकाने केप हॉर्नच्या ढगांची सबब सांगू नये. आणि वादळात पॅनेल उडते हे ज्यांचे म्हणणे, त्यांनी ते दोन स्क्रूंवर बसविले होते की कमानीला चारी कोपऱ्यांत आरपार बोल्टांनी आवळले होते, एवढे आधी सांगावे. खारा वारा तांब्याची उघडी तार खातो. कथिलाचा मुलामा दिलेली तार आणि नीट बंद केलेली जोडणी तो इतक्या सहजी खात नाही. हीच काळजी इंजिनाच्या तारांनाही घ्यावी लागते, पण त्यावरून इंजिन नको असे कोणी म्हणत नाही.

लिथियमच्या बॅटऱ्या आल्यापासून काहींनी जुन्या मताला नवा टेकू दिला आहे. लिथियम मोठा प्रवाह शेवटपर्यंत घेते आणि पुरी न भरली तरी तिला बाधत नाही, मग इंजिनाच्या तासाने तिचे भागेल, असे ते म्हणतात. गुण खरा आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. तो मोठा प्रवाह देता देता साधा आल्टरनेटर जळतो, कारण बॅटरी आता त्याला उसंत देत नाही; आणि शिशाची बॅटरी भरताना वाया जाणारा हिस्सा लिथियममध्ये नगण्य असल्यामुळे पॅनेलने दिलेली जवळजवळ सारी वीज रात्री परत हाती येते. लिथियमने पॅनेलची किंमत कमी केली नाही, वाढविली.

दुहेरी खर्चाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. पॅनेलचा खर्च एकदाचा, आणि चांगल्या पॅनेलची हमी पंचवीस वर्षांची असते. बॅटऱ्यांचा खर्च दर दोन-तीन वर्षांनी, तोही उपाशी मारलेल्या बॅटऱ्यांचा, आणि डिझेलचा खर्च रोजचा.

म्हणून नौका बांधावयास काढली की सुरुवात कागदावरच्या रोजच्या खर्चापासून करावी. त्या खर्चाला पुरेल इतके पॅनेल कोठे आणि कसे बसेल हे डोलकाठीच्या जागेबरोबरच ठरवावे. मग ढगाळ दोन दिवस निघतील इतकी बॅटरी घ्यावी. आणि आल्टरनेटरकडे राखीव म्हणून पाहावे, बंदरात शिरताना-निघताना इंजिन जे चालेल तेवढ्यापुरते. आज गोव्यात आणि मुंबईत हा क्रम नेमका उलटा चालतो: आधी इंजिन, मग बॅटरी, आणि नौका रंगवून झाल्यावर उरल्यासुरल्या जागेत, शिडाच्या सावलीत, एक पॅनेल. ज्याला असेच करावयाचे असेल त्याने खुशाल करावे. परंतु दोन वर्षांनी नव्या बॅटऱ्यांचे बिल मालकापुढे ठेवताना ते सूर्याच्या खाती मांडू नये.